पदरमोड

कवितासंग्रह स्वखर्चाने छापला असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक ठरावीक भाव उमटतो. शेजारच्या घरातला कर्ता मुलगा पत्त्यांत पैसे घालवून आला असे कळल्यावर सज्जन माणसे जसा चेहरा करतात, तसा. त्यात थोडी कीव असते, थोडे कुतूहल असते आणि ‘आता ही आपल्यालाच एक प्रत विकणार की काय’ अशी बारीकशी धास्तीही असते. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी मला सरळच विचारले, “किती गेले?” मी आकडा सांगितला. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “असू दे. बाकी प्रकृती वगैरे ठीक ना?”

महाविद्यालयातल्या सहकाऱ्यांचा तर्क निराळा. प्राध्यापकाने काहीही छापले की ते बढतीच्या गुणांसाठीच असणार, असा हल्ली एक सर्वमान्य समज आहे. “पण कवितेला गुण मिळतात का गं?” असे एकीने मला जिन्यात गाठून हळूच विचारले. सर्वांत व्यवहारी प्रश्न मात्र अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानदारांनी केला. त्यांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिले, वांगी तोलावीत तसे तळव्यावर तोलले आणि विचारले, “कविता का? बरं, पाच ठेवा. उरल्या तर न्यायला कधी याल?”

या साऱ्याला मराठीत एक सुरेख शब्द आहे : पदरमोड. भाषा शिकवणाऱ्या माणसाला शब्द सोलून पाहण्याची वाईट खोड असते. या शब्दात पुरुषाच्या खिशाला जागाच नाही, हे तुमच्या कधी लक्षात आले आहे का? मला तरी त्यात लुगड्याचा पदर दिसतो, पदराच्या टोकाला मारलेली गाठ दिसते आणि त्या गाठीत बांधलेली थोडीशी नाणी दिसतात. माझी माय असे पैसे बांधून ठेवी. बाजाराच्या दिवशी ती गाठ दातांनी सोडी, त्यातले आठ आणे काढून माझ्या हातावर ठेवी आणि उरलेले पुन्हा गच्च बांधून टाकी. ते पैसे घरखर्चाचे नसत. ते तिचे स्वतःचे असत. म्हणून मला पदरमोड हा शब्द तोट्याचा वाटत नाही. घरच्या खर्चात ज्याला जागा नाही, पण जे केल्यावाचून राहवत नाही, त्याच्यासाठी गाठ सोडायची, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या कवितेचा इतिहास अशा गाठींनी भरलेला आहे. कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ १९४२ साली निघाला तो वि. स. खांडेकरांनी स्वतःचे पैसे घालून काढला म्हणून. बहिणाबाईंच्या ओव्या त्यांच्या मुलाने जपून ठेवल्या. पुस्तक निघाले १९५२ साली, आणि बहिणाबाई तर १९५१च्या डिसेंबरातच गेल्या होत्या. आपले पुस्तक हातात घेण्याचे सुख त्या माउलीला मिळालेच नाही. खांडेकर सर्वांच्याच नशिबी नसतात, आणि मरेपर्यंत थांबण्याची माझी तयारी नव्हती. तेव्हा बेचाळिसाव्या वर्षी मीच माझी प्रकाशक झाले.

आता मुळात हे पुस्तक कशाचे, ते सांगायला हवे. ते सांगितल्यावाचून पुढच्या गोष्टीला अर्थ नाही.

माझे माहेर लातूर जिल्ह्यात, किल्लारीपासून दोन कोसांवरच्या एका खेड्यात. आमच्याकडची जुनी घरे माळवदाची असत. दगड आणि मातीच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. ही माती साधी नव्हे, पांढरी माती. शेताला आम्ही काळी म्हणतो आणि वस्तीच्या जागेला पांढरी. काळीत पिकवायचे आणि पांढरीत राहायचे, अशी आमच्या जगाची साधी वाटणी होती. दर उन्हाळ्यात, मृग लागण्याआधी, घरोघरचे बाप्ये पाट्या भरभरून ही पांढरी माती माळवदावर नेऊन टाकत, पाणी शिंपून चोपत, पन्हाळाकडे उतार काढत. मग पाऊस आत येत नसे आणि वैशाखातही घर माठासारखे गार राही. आमच्या घरी हे काम अण्णा करीत. त्यांच्या आधी त्यांचे वडील करीत. दरसालच्या थरावर नवा थर चढे. ते ओझे किती झाले, हे कोणी कधी मोजले नाही. डोक्यावरचे छप्पर का कोणी मोजत असते?

१९९३ सालची अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. मी बारा वर्षांची होते. शेजारच्या गावचे विसर्जन पाहायला अण्णा मला बैलगाडीतून घेऊन गेले. माझा सहा वर्षांचा भाऊ खोकत होता, म्हणून माय त्याला घेऊन घरीच राहिली. आम्ही परतलो तेव्हा बरीच रात्र झाली होती आणि टिपूर चांदणे पडले होते. मी गाडीतच कडब्यावर झोपून गेले होते. अण्णांनी मला उठवले नाही. अंगावर घोंगडे टाकले आणि स्वतः गाडीच्या चाकाशी आडवे झाले. पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना जमीन हलली. मी जागी झाले तेव्हा चांदणे नव्हते. पांढरी धूळ होती, आणि त्या धुळीत आमच्या घराच्या जागी घर नव्हते.

लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून त्या पहाटे आठ-दहा हजार माणसे गेली. ज्यांच्या भिंती रुंद आणि माळवदे जाड, त्यांची घरे आधी बसली. गावाबाहेर कुडाच्या झोपडीत राहणारे पुष्कळ वाचले. दुसऱ्याच दिवशी पितृपक्ष लागला. माय आणि भाऊ दुपारपर्यंत सापडले. याहून अधिक मी इथे लिहीत नाही. सणाचा अंक आहे, घरात मुलेबाळे वाचतील. शिवाय जे लिहायचे ते मी कवितेत लिहिले आहे.

सोलापूरच्या मामांनी मला शिकायला नेले. अण्णा गावीच राहिले. आधी पत्र्याच्या शेडमध्ये, मग नव्या जागी वसवलेल्या गावात, जिथे रस्ते सरळ आहेत आणि घरांना क्रमांक आहेत. किती तरी वर्षे ते पावसाळ्याखेरीज घरात झोपले नाहीत. मी सुट्टीत जाई. आम्ही पिकांविषयी बोलत असू, माझ्या परीक्षेविषयी बोलत असू. मायचे नाव कधी तरी निघे. भावाचे कधीच निघाले नाही. ते निघू नये अशी आमच्यात जणू लेखी बोली झाली होती.

पुढे मी एम.ए. झाले, पुण्यात नोकरीला लागले, लग्न झाले. वर्गात तुकोबा शिकवताना मी १६३०च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ सांगत असे. त्यात त्यांची बायको गेली, मुलगा गेला, मग ते भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसू लागले, मग अभंग आले, हे सगळे मी परीक्षेला उपयोगी पडेल अशा मुद्द्यांत फळ्यावर लिहून देई. इंदिरा संतही शिकवी. पती असताना दोघांचा मिळून ‘सहवास’, आणि १९४६ साली ते गेल्यानंतर १९५१चा एकटीचा ‘शेला’. मुले उतरवून घेत, मी हातावरचा खडू झटकी आणि घंटा होई. त्या ओळींतले आपल्या घरचे काही आहे, असे मनाला शिवू द्यायचे नाही, ही कला मी उत्तम साधली होती.

ती मोडली माझ्या मुलाने. तो सहा वर्षांचा झाला त्या पावसाळ्यात त्याला खोकला झाला. रात्री त्याच्या छातीला ओवा लावता लावता माझे हात थांबले. त्या रात्री मी स्वयंपाकघरात बसून वाण्याच्या हिशेबाच्या वहीत चार ओळी लिहिल्या. दुसऱ्या रात्री आणखी सहा. पुढची सहा-सात वर्षे ती वही डाळीच्या डब्यामागे होती, आणि त्या काळात आमच्या घरात डाळ अनेकदा करपली.

लिहिल्याने मन हलके होते असे आपण सहज म्हणतो. ते तितके सोपे नाही. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९८६ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या सर्वांत दुखऱ्या प्रसंगाविषयी लिहायला सांगितले. दुसऱ्या गटाला किरकोळ विषय दिले. काय झाले आणि काय वाटले, ही दोन्ही ज्यांनी लिहिली, ते पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्यात कमी गेले. पण लिहून उठल्यावर लगेच त्यांना बरे वाटले नव्हते. उलट अधिक वाईट वाटले होते. मला हा दुसरा भाग पटतो. कविता लिहून मी कधी हलकी झाले नाही. दर कवितेनंतर दोन दिवस मी घरात सर्वांवर खेकसत असे, याला आमचे यजमान साक्षी आहेत.

मग बरे वाटू लागले ते कधी? तुम्हाला हसू येईल, पण मुद्रितशोधनात.

त्याआधी अर्थात प्रकाशकांकडे जाऊन झाले होते. एकाने हस्तलिखित चाळून मनापासून सांगितले, “मॅडम, विषय उत्तम आहे, पण कविता कशाला? सरळ हकिगत लिहा. नाव जरा झणझणीत देऊ. दोन आवृत्त्या हां हां म्हणता जातील.” दुसऱ्याने कवितांना हरकत घेतली नाही, फक्त छपाईचे सारे पैसे मी द्यायचे, पुस्तके त्याच्याकडे राहायची आणि मला पंचवीस प्रती भेट मिळायच्या, असा सौदा सुचवला. आपणच बांधलेल्या घरात भाड्याने राहावे तसे ते होते. पैसे माझेच जायचे असतील तर पुस्तकही माझ्याच दारात येऊ दे, असे म्हणून मी उठले. पेपर तपासणीचे बरीच वर्षे साठवलेले मानधन बँकेत होते. शेकडो मुलांच्या अशुद्ध लेखनावर माझा संग्रह उभा आहे, असे म्हटले तरी चालेल. यजमान म्हणाले, “एक पाटली घेतली असं समज.” मी म्हटले, “पाटली कपाटात ठेवता येते. तीनशे प्रती कुठे ठेवायच्या ते बघा.”

प्रकाशक होणे म्हणजे काय, ते मग कळू लागले. पुस्तकाचा तेरा आकडी आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या दिल्लीतल्या सरकारी केंद्राकडून मिळतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत. लेखकाला स्वतःच अर्ज करता येतो. डेमी आकाराच्या कागदाचा सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणून पाने सोळाच्या पटीत बसवावी लागतात. पांढराशुभ्र कागद डोळ्यांना टोचतो, म्हणून किंचित पिवळट घ्यायचा. हे सारे मला नारायण पेठेतल्या एका छोट्या छापखान्यात शिकायला मिळाले. खिळे जुळवणारे जुळारी तिथून केव्हाच गेले. आता संगणकापुढे एक तरुण मुलगा बसतो. पहिल्याच दिवशी त्याने विचारले, “मॅडम, माळवद म्हणजे माळावरचा वाद का?” मी त्याला कागदावर घर काढून दाखवले. भिंत, तुळई, फळ्या, माती. त्याने चित्र नीट पाहिले आणि म्हणाला, “एवढी माती वर? आणि खाली माणसं झोपायची?” इतका सरळ प्रश्न मला तीस वर्षांत कोणी विचारला नव्हता.

मी घरी संगणकावर टंकून नेलेला मजकूर त्याच्या जुन्या पद्धतीच्या अक्षरांत नेताना जोडाक्षरे फुटली. र्‍या, ष्ट, क्त यांचे तुकडे पानभर विखुरले. ते एकेक उचलून जागेवर बसवायचे होते. पहिले मुद्रित वाचायला मी घरातले सर्व झोपल्यावर बसले आणि अकराव्या पानाच्या पुढे जाऊ शकले नाही. दुसरे मुद्रित मी छापखान्यातच, त्या मुलाच्या शेजारी स्टुलावर बसून वाचले, कारण परक्या माणसापुढे रडता येत नाही. तिसऱ्या वेळी एका कवितेत ‘धूळ’चा ऊकार ऱ्हस्व पडला होता, तेवढाच मला दिसला. चौथ्या वेळी मी तीच कविता वाचून संपवली आणि लक्षात आले की आपण मायच्या शेवटच्या रात्रीविषयी वाचत होतो आणि आपले सारे चित्त विरामचिन्हांत होते. मला क्षणभर फार अपराधी वाटले. मग वाटले, नाही, हेच हवे होते. ज्या गोष्टीकडे पाहवत नव्हते, तिच्याकडे मी पाहत होते, आणि तीत काही दुरुस्त करण्याजोगे होते. दुःखात माणसाला सर्वांत असह्य काय होते? काही करता येत नाही, हे. इथे निदान ऊकार दीर्घ करता येत होता.

पुस्तकाचे नाव मी ‘पांढरी’ ठेवले होते. मुखपृष्ठाचे चित्र आले, त्यात पांढऱ्या साडीतली एक विधवा क्षितिजाकडे पाहत उभी! चित्रकाराचा दोष नव्हता. शहरात पांढरी म्हटल्यावर दुसरे काय आठवणार? ते बदलून नुसती मातीच्या रंगाची कोरी भिंत घेतली. आणि सर्व जमले असे वाटत असतानाच छापखान्याच्या मालकांचा फोन आला. “मॅडम, सहा फॉर्म झाले. शहाण्णव पाने. पण शेवटची चार कोरी राहतात. आणखी काही कविता असतील तर द्या, नाही तर जाहिरात टाकू एखादी.”

जाहिरात मी टाकणार नव्हते. पण कविता माझ्याकडे होती. नेमकी चार पानांची. ती मी संग्रहात घेतली नव्हती, आणि घेणारही नव्हते.

तिचे नाव ‘माळवद’. तिच्यात अण्णा होते. उन्हातान्हात डोक्यावर पाटी घेऊन शिडी चढणारे, घर गळू नये म्हणून दर वर्षी माती टाकणारे. मायवर जी माती पडली ती त्यांच्या हातची होती, हे त्या कवितेत कुठेही शब्दांत म्हटलेले नाही. पण वाचणाऱ्याला ते कळल्यावाचून राहत नाही. अण्णांना तर ते कवितेवाचूनच कळत होते. तीस वर्षांचे ते मौन दुसरे कशाचे होते? ज्या माणसाने ते ओझे एकट्याने वाहिले, त्याच्या हातात तेच ओझे छापून कसे द्यायचे? आणि ती कविता वगळली, तर बाकीच्या साऱ्या संग्रहात मी नेमके तेवढेच झाकून ठेवले, असे होणार नव्हते का?

छापखान्याला चार दिवस थांबायला सांगून मी गावी गेले. अण्णा आता सत्तरीपुढे आहेत. सकाळी ओसरीवर चहा झाल्यावर मी म्हटले, “अण्णा, एक कविता वाचून दाखवते. तुम्ही नको म्हणालात तर छापणार नाही.” त्यांनी बिडी बाजूला ठेवली. मी वाचली. चार पाने वाचायला किती वेळ लागतो? मला वाटले सकाळ सरून गेली. वाचून झाल्यावर वर पाहण्याचे धैर्य झाले नाही. मी कागदाच्या घड्या घालत बसले.

बऱ्याच वेळाने अण्णा बोलले, “माझ्या बापानं बी टाकली होती.”

मी वर पाहिले. ते समोरच्या रस्त्याकडे पाहत होते.

“आज्यानं बी टाकली होती. गावात कुणी टाकली न्हाई? समद्यांचीच माती होती ती, माय.” आणि थोड्या वेळाने, नेहमीच्या आवाजात म्हणाले, “छाप.”

मुलीला ‘माय’ म्हणण्याची आमच्याकडे रीतच आहे. पण त्या दिवशी तो शब्द मला निराळा ऐकू आला.

मला वाटते, या सगळ्या खटाटोपाचे सार त्या एका वाक्यात आहे. दुःख एकट्याचे असते तोवर ते दोषासारखे असते. ते चारचौघांत आले की मग ती आपल्या एकट्याच्या हातची माती राहत नाही. कविता वहीत असताना माझे दुःख माझेच होते. छापताना ते त्या संगणकावरच्या मुलाचे थोडे झाले, चित्रकाराचे झाले, आणि अण्णांचे होऊन परत माझ्याकडे आले, तेव्हा त्याचे वजन बदललेले होते.

पुस्तक २०२३च्या सप्टेंबरात निघाले. समारंभ केला नाही; हार, श्रीफळ आणि ‘कवयित्रीच्या वेदनेचा हुंकार’ असली भाषणे ऐकण्याची ताकद नव्हती. कायद्याप्रमाणे करायचे ते मात्र केले. १९५४ सालचा एक कायदा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी काही नेमलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने एकेक प्रत पाठवायची असते. मी पाकिटे करून टपालात टाकली. माझी माय लातूरच्या पलीकडे कधी गेली नव्हती. तिच्या नावाचे पुस्तक कोलकात्याला निघाले, याचे मला टपाल कचेरीच्या रांगेत उभ्या उभ्या फार हसू आले, आणि मागच्या बाईंनी मला विचारले, “काय हो, बक्षीस लागलं का?”

पहिले गठ्ठे घेऊन गावी गेले तेव्हा अण्णांनी विचारले, “किती छापल्यास?”

“तीनशे.”

ते मनाशी काही मोजत राहिले. “गावात घरं दोनशे वीस होती,” ते म्हणाले. “घराला एक धरली तरी ऐंशी उरतील की.” त्यांनी मोजली ती जुन्या गावातली घरे होती. नव्या गावातली नव्हेत.

दुसऱ्या दिवशी दहा प्रती पंचात बांधून ते निघाले. मी म्हटले, “अण्णा, द्या नुसत्याच. पैसे कशाला घ्यायचे?” त्यांना ते आवडले नाही. “फुकटचं बियाणं कुणी नीट पेरत न्हाई,” म्हणाले. संध्याकाळी परत आले आणि रुमालाची गाठ सोडून दीडशेच्या हिशेबाने पंधराशे रुपये त्यांनी माझ्यापुढे मोजले. एक प्रत पलीकडच्या ओळीतल्या काकूंनी घेतली होती. त्यांना वाचता येत नाही; नातवाकडून वाचून घेतली. दुसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाल्या, “बाई, आमच्या घराचं नाव न्हाई त्यात कुठं. पण भिंत आमचीच हाय बघ.” पुण्यातल्या दोन नियतकालिकांत परीक्षणे आली, ती मी कापून ठेवली आहेत. पण हे परीक्षण कापून ठेवता येत नाही.

महाविद्यालयातही काही प्रती गेल्या. एके दिवशी तास संपल्यावर दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा बाकाशी रेंगाळत राहिला. २०२१च्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, त्याचे वडील गेले, हे मला हजेरीच्या कागदांवरून ठाऊक होते. त्याने पुस्तक घेतले, खिशातून मोजून पैसे दिले, आणि विचारले, “मॅडम, तुम्ही लिहायला किती वर्षांनी सुरुवात केलीत?” मी म्हटले, “तेवीस.” तो म्हणाला, “मग अजून वेळ आहे.” आणि गेला. मी त्याला थांबवले नाही. ज्याचे त्याला कळते, केव्हा गाठ सोडायची ते.

तीनशेपैकी दोनशे चौदा प्रती गेल्या आहेत. उरलेल्या आमच्या पलंगाखाली आहेत, आणि दर दिवाळीला केर काढताना यजमान त्यांना नमस्कार करतात. पैसे निम्म्याहून थोडे अधिक परत आले. बरे झाले का, असे विचाराल, तर मी अजूनही पहाटे चारच्या सुमारास जागी होते, आणि नव्या गावी गेले की आधी दार कोणत्या बाजूला उघडते ते पाहून ठेवते. तेवढे राहणारच.

पण परवाच्या उन्हाळ्यात, मृगाच्या आधी, अण्णांचा फोन आला. एरवी ते पाऊस कधी येईल एवढे बोलून ठेवून देतात. त्या दिवशी म्हणाले, “या दिवसांत माती टाकायचो आपण.” मग कोणत्या खड्ड्यातली माती चांगली असे, ती किती भिजवायची, उतार कसा काढायचा, हे सांगत राहिले. आता स्लॅबच्या घराला यातले काहीच लागत नाही. पण मी मध्ये बोलले नाही.

“अन् बारका वर चढून नाचायचा,” अण्णा म्हणाले. “त्याच्या पायानं काय दबनार हाय माती? पण नाचायचा. तुझी माय खालून वरडायची.”

आणि ते हसले.